टंचाईचे साहेब समुद्रावर

मी फक्त सात दिवसांची रजा मागितली होती. अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच. माणसं याहून मोठे गुन्हे करतात आणि पेन्शन घेऊन सुखानं घरी बसतात.

तेव्हा लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षंच झाली होती. नव्या जिल्ह्याचं सगळं नवं होतं. पाट्या नव्या, शिक्के नवे, खुर्च्या नव्या. जुना होता तो फक्त दुष्काळ. वाटणीच्या वेळी उस्मानाबादनं बाकी सगळं देताना खळखळ केली, हा मात्र न मागता काढून दिला. मी कलेक्टर कचेरीतल्या टंचाई शाखेत कारकून. कोणत्या गावाला टँकरच्या किती खेपा गेल्या, ते रजिस्टरात सुवाच्य अक्षरात लिहायचं, हे माझं काम. (अक्षराबद्दल मला एकदा शेरा मिळाला होता. पाण्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.)

माझं नाव साहेबराव सोनकांबळे. पोरगा साहेब होईल या आशेनं आईनं हे नाव ठेवलं. पोरगा कारकून झाला, पण आता नाव कुठं बदलायचं? या नावानं मला कसं बुडवलं ते ऐकाच.

आमच्या शाखेत तांडेल नावाचा एक कोकणी माणूस बदली होऊन आला होता. वर कुणाची तरी खप्पा मर्जी झाल्याशिवाय समुद्रकाठचा माणूस लातुरात येत नाही. रोज दुपारी चहाच्या वेळी तो गावाची आठवण काढायचा आणि त्याचे डोळे भरून यायचे. (शाखेत तेवढंच पाणी.) एक दिवस तो म्हणाला, "आमच्या विहिरीला रहाट नाही की दोर नाही. काठावर बसायचं, वाकायचं आणि तांब्या बुडवायचा."

अव्वल कारकून चन्नबसप्पा निलंग्याकडचे. त्यांनी बशीतला चहा तसाच धरून ठेवला.

"वाकलं की पाणी?" त्यांनी विचारलं.

"वाकलं की पाणी."

मला बाजूला घेऊन तांडेल म्हणाला, "सोनकांबळे, मे महिन्यात आमचं घर रिकामंच असतं. भाऊ मुंबईला. किल्ली शेजारी आहे. तीन दिवस गावात राहा, मग चार दिवस माझ्या मावशीकडं, अगदी समुद्राकाठी. बघून तर या."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. पंचशीला तेव्हा राखेनं भांडी घासून ओल्या फडक्यानं पुसत होती. आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी यायचा, टँकर दिवसाआड, आणि भांड्याला पाणी दाखवणं ही चैन होती.

"दोर न्हाई?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"रांग?"

"घरचीच विहीर, रांग कशाची?"

समुद्राबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. थोड्या वेळानं फडकं खाली ठेवून म्हणाली, "मला ती विहीर बगायची हाय." लग्नाला बारा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिनं स्वतःसाठी माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. त्यामुळं माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

आईला, म्हणजे भामाबाईला, विचारलं तर ती म्हणाली, "समुद्र म्या बगितलाय. सहा डिसेंबरला, दादरला. पानी लई हाय, पर कामाचं न्हाई. तोंडात घेतलं आन् थुकलं. तुमी जा. मी गेले तर टँकरचा नंबर कोन धरल?"

हे खरं होतं. गल्लीच्या टँकरला आईची घागर पहिली असायची. ती जागा तिनं मागच्या उन्हाळ्यात भांडून मिळवली होती, आणि त्या भांडणाची आठवण गल्लीत अजून ताजी होती.

मग तयारी सुरू झाली. मी विशाखाच्या शाळेतला नकाशा काढून लातूर, पुणे, चिपळूण अशी बोटानं रेघ ओढली. विशाखा आमची मुलगी, चौथी पास. तिनं विचारलं, "बाबा, समुद्राला नंबर लावावा लागतो का?" मी हसलो. पंचशीला हसली नाही. ती कोपऱ्यातल्या गोधड्या मोजत होती.

"ह्या कशाला?"

"तिथं पानी हाय ना? धुऊन आनते. दिवाळीपासून धुतल्या न्हाईत."

"अगं, लोक सहलीला डबे नेतात!"

"त्यांच्या गोधड्या धुतलेल्या असतील."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गुणाबाई आल्या. "तुमी चाललाच हाव तर आमची एक घेता का? पातळच हाय." ती इतकी पातळ होती की दोघांनी उचलावी लागली. संध्याकाळपर्यंत समोरच्या घरातून दोन आल्या, मागच्या घरातून एक सतरंजी आली. सात दिवसांच्या सहलीचं आमचं सामान म्हणजे निम्म्या गल्लीचं धुणं झालं होतं.

रजा मात्र सहज मंजूर झाली. चन्नबसप्पा म्हणाले, "सोनकांबळे, जा. पन गुपचूप जा. टंचाई शाखेचा मानूस पान्यावर चाललाय, हे बाहेर कळलं तर बरं दिसनार नाही."

गुपचूप! मी आयुष्यात पहिल्यांदा कुठंतरी चाललो होतो. रविवारी दाढी करायला सलूनमध्ये गेलो. न्हाव्यानं सहज विचारलं, "काय साहेब, सुट्टीत कुठं?" आणि मी सांगितलं. सात दिवस, सहकुटुंब, समुद्रावर. तो मला नावानंच साहेब म्हणत होता, पण कानाला बरं वाटलं, म्हणून मी आवाज थोडा वाढवला. शेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ तोंडाला फेस लावून डोळे मिटून बसले होते. फेसातला माणूस ओळखता येत नाही. ते एका साप्ताहिकाचे संपादक होते.

साप्ताहिक शुक्रवारी निघालं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात: "जिल्हा तहानलेला, टंचाईचे साहेब समुद्रावर!" खाली बारीक अक्षरात: "सात दिवस सहकुटुंब मुक्काम. सोबत मोठे सामान."

आमचे खरे साहेब उपजिल्हाधिकारी होते. ते बिचारे दोन महिने रविवारीसुद्धा घरी गेले नव्हते. सकाळी कलेक्टरांनी त्यांना बोलावून विचारलं, कोणत्या समुद्रावर चाललात? तिथून ते जे आले ते मला हाक मारतच.

"सोनकांबळे, मी समुद्रावर चाललोय का?"

"नाही, साहेब."

"मग हे कोण आहे?"

"ते मी आहे, साहेब."

"तुम्ही साहेब कधी झालात?"

"जन्मापासून, साहेब."

हे अगदी खरं उत्तर होतं. पण वरिष्ठांना खरं उत्तर देताना आवाज कसा ठेवावा, हे कोणत्याच नियमावलीत सांगितलेलं नाही. साहेबांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार तेवढ्यात बाहेरून आरोळी आली, "पानी द्या, न्हाईतर खुर्ची सोडा! सायेब, भायेर या!"

घागर मोर्चा आला होता. साहेबांनी खिडकीतून बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "जा," ते म्हणाले. "तुम्हालाच बोलावताहेत."

बाहेर ऐंशी-नव्वद बायका उन्हात रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. पायरीवर पाय ठेवला आणि पुढच्याच बाईला बघून तो परत मागं घेतला. त्या माझ्या सासूबाई होत्या. नागुबाई. जळकोटकडच्या एका खेड्यातून सकाळच्या गाडीनं आल्या होत्या.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "त्यो समुद्रावरचा सायेब तुमीच व्हय?"

मी मान खाली घातली.

"जावा की. येताना एक टँकर भरून आना. खारं तर खारं."

बायका हसल्या. असं हसणं मी पूर्वी ऐकलं नव्हतं. कुणाचेच डोळे हसत नव्हते. मग सासूबाई पुढं आल्या आणि हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं बोलल्या. "तुमच्या त्या वहीत आमचं गाव काय लिवलंय वो?"

मला पाठ होतं. दिवसाआड दोन खेपा. पुरवठा सुरळीत. माझंच अक्षर, सुवाच्य.

"सुरळीत," मी म्हणालो.

"तीन आठवडे झाले. टँकरचं चाक दिसलं न्हाई. ढोरं पोहऱ्याचा आवाज ऐकून दारात येऊन हंबारतेत." त्यांनी घागर दुसऱ्या काखेत घेतली. "पंचीला सांगू नका. ती चाललीय ना, जाऊ द्या तिला."

आत जाऊन मी साहेबांना हे सांगितलं, म्हणजे सासूबाई हा शब्द वगळून बाकी सगळं सांगितलं. साहेबांनी माझा रजेचा अर्ज समोर ओढला.

"रजा रद्द. तुम्हाला पाण्यावरच जायचं होतं ना? जा. उद्यापासून सात दिवस टँकरवर बसा. प्रत्येक खेप डोळ्यांनी बघा आणि मग लिहा."

घरी पंचशीला पिशव्या बांधत होती. मी सांगितलं. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं पिशवीतून माझे दोन शर्ट काढून खुंटीला लावले. त्या जागी बाहेर राहिलेली मागच्या घरची सतरंजी कोंबली. ती बरोबर बसली.

"सायबा," आई म्हणाली (जगात मला कौतुकानं साहेब म्हणणारी एकटीच बाई), "तुजं तिकीट वाया घालतोस व्हय? मी जाते."

"तू तर समुद्र बघितलाय!"

"तवा गर्दी होती. नीट दिसला न्हाई."

"आणि टँकरचा नंबर?"

"तू हायेस की."

"मी दिवसभर टँकरवर असणार."

"मंग तर इचारायलाच नको. टँकरच तुज्या हाताखाली हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर मी तिघींना आणि नऊ गोधड्यांना गाडीत बसवलं. कंडक्टरनं विचारलं, कुणाचं बिऱ्हाड हललं का? गाडी निघाली. विशाखानं हात हलवला. पंचशीला समोर बघत होती. तिला विहीर दिसायला लागली असावी.

माझी सहल अशी टँकरच्या केबिनमध्ये सुरू झाली. ड्रायव्हर पंढरी. गुडघ्याला गिअर, पाठीला पत्रा, आणि इंजिनाची वाफ थेट तोंडावर. ग्रामीण भागाचं दर्शन मात्र भरपूर. अहमदपूरच्या पुढं त्यानं टँकर डांबरी सोडून एका नव्या बंगल्यापाशी वळवला.

"हे कोणतं गाव?" मी रजिस्टर उघडलं.

"हे गाव न्हाई साहेब, स्लॅब हाय. ताजा. पानी पाजावं लागतं, न्हाईतर तडे जातेत."

"आणि माणसं?"

"मानसाला तडे गेले तरी ती उभी राहतेत."

"कुणाचा बंगला?"

पंढरीनं नुसतं वर बघितलं.

"वर काय आहे?"

"तितक्या वरचा हाय."

मी शूर माणूस नाही. एरवी मी दोन खेपा लिहून डोळे मिटून घेतले असते. (खरं सांगायचं तर अकरा वर्षं तेच केलं होतं.) पण सासूबाईंचा तो हळू आवाज कानातून जाईना. मी म्हणालो, "पंढरी, गावाला चल."

"साहेब, तुमची बदली व्हईल."

"कुठं? यापेक्षा कोरड्या जागी?"

पंढरी हसला आणि त्यानं टँकर मागं घेतला. मी बंगल्याकडं पुन्हा बघितलं नाही. भीती वाटत होती.

सासूबाईंच्या गावात टँकर वरच्या विहिरीत रिकामा करायची पद्धत होती. वरचं गाव ओढून घ्यायचं. ते भरून झालं की खालच्या आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायांच्या पोहऱ्यात चिखल यायचा. कुणी कुणाला अडवत नव्हतं. फक्त कुणी सरकत नव्हतं. मी पंढरीला सांगितलं, अर्धा इथं सोड, अर्धा खाली वस्तीत.

श्रीमंत नावाचे एक म्हातारे फेटेवाले पुढं आले. "साहेब, असा रिवाज न्हाई."

"नवा जिल्हा आहे, बाबा," मी म्हणालो. "रजिस्टरात तसा रकाना आलाय."

असा कुठलाही रकाना नव्हता. मला लघवीला लागली होती. पण ते नवा जिल्हा या शब्दांना घाबरले असावेत. बाजूला झाले.

खाली पिंपांत पाणी पडायला लागलं, तेव्हा वस्तीत कुणी ओरडलं नाही. बाया पाइपकडं नुसत्या बघत उभ्या राहिल्या. सासूबाईंनी घागर भरली आणि तिच्याशेजारीच मातीत बसल्या. मग उठून पहिला तांब्या मला दिला. अकरा वर्षं मी खेपा लिहीत आलो होतो, खेपेतलं पाणी पहिल्यांदाच प्यालो. पाणी गढूळ होतं आणि डिझेलचा वास येत होता.

"पंची गेली?" त्यांनी विचारलं.

"गेली."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि तोंड पदरानं पुसलं. घाम होता का काय, मी बघितलं नाही.

सात दिवस मी असाच हिंडलो. रात्री अंग टाकायचं, पहाटे निघायचं. सातव्या दिवशी पुन्हा शुक्रवार होता, साप्ताहिक निघालं: "टंचाईच्या साहेबांचा टँकर सासूच्या दारी!" या वेळी बातमीत साहेब हा शब्द सोडला तर सगळं खरं होतं. गावाचं नाव, सासूबाईंचं नाव, अर्धा टँकर. बंगल्याचा मात्र उल्लेख नव्हता. दुपारी मला टँकरवरून कचेरीत बोलावणं आलं आणि मेमो मिळाला. नातेवाइकास शासकीय टँकर वळवल्याबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा.

चन्नबसप्पांनी मेमो माझ्या हातात दिला आणि चष्मा पुसत म्हणाले, "बघा, अकरा वर्षं काही केलं नव्हतं तर किती चांगली चालली होती नोकरी."

खुलाशात काय लिहावं, हे मला अजून सुचलेलं नाही. सासू आहे, हे खरं. टँकर दिला, हेही खरं.

त्याच संध्याकाळी तिघी परत आल्या. आधी खारा वास आला, मग गोधड्या, मग माणसं. तांडेलनं आम्हाला फसवलं नव्हतं. तो दरवर्षी गणपतीलाच गावी जायचा, त्यामुळं त्यानं विहीर नेहमी तुडुंब भरलेलीच बघितली होती. मे महिन्यात तिच्या तळाला एक बेडूक होता आणि तोही वर बघत होता. तिथंही टँकरच यायचा. गोधड्या शेवटी समुद्रात धुतल्या. वाळल्यावर त्या मिठानं अशा ताठ झाल्या की गुणाबाईंची गोधडी अंगणात कुणी न धरता भिंतीला टेकून उभी राहिली.

पंचशीलाच्या हातापायांवर मिठाचा पांढरा थर होता. ती आंघोळीसाठी आत गेली. रांजणावरचं झाकण काढल्याचा आवाज आला.

"अहो," ती बाहेर येऊन म्हणाली, "सात दिवस टँकरवर होताव म्हनं?"

"होतो."

"आन् घरात एक घागर न्हाई?"

"नंबर धरायला कुणी नव्हतं. पुढचा टँकर परवा."

तिनं माझ्याकडं बघितलं. (त्या नजरेचं वर्णन करत नाही. लग्न झालेल्यांना गरज नाही, न झालेल्यांनी घाबरू नये.) मग ती उंबऱ्यावर बसली, पायाचं मीठ नखानं खरवडत.

"समुद्र तरी बघितला का?" मी भीत भीत विचारलं.

"हाव." तिचं नख थांबलं. "पानी आपनहून येतंय वो. मागं जातंय, परत येतंय. कुनाला आनाय जावं लागत न्हाई. मी दिस मावळस्तोवर बसले हुते."

एवढं बोलून ती उठली आणि गुणाबाईंकडं तांब्याभर पाणी मागायला गेली. आई आमची रिकामी घागर घेऊन रांगेच्या जागेकडं निघून गेली होती. परवाचा टँकर, पण जागा आजच धरायची होती.

मी आणि विशाखा राहिलो. माझ्यासाठी कुणी काही आणलं नव्हतं. कुणाला दोष द्यायचा नव्हता, पण माणसाला वाटतं. मी तिला जवळ घेऊन विचारलं, "बाळा, तिकडं तुम्हाला माझी आठवण आली का गं?"

"आली की बाबा. सगळ्यांना आली."

"समुद्र बघून?"

"न्हाई. तिथं टँकर लई उशिरा आला. तिथल्या बायका टंचाईच्या कारकुनाला शिव्या देत होत्या, तवा आली."

"आणि आई? ती काही बोलली नाही ना?"

"त्यांना चार-पाचच येत होत्या, बाबा," विशाखा म्हणाली. "बाकीच्या आईनं शिकवल्या."